कोकणातल्या पाण्यात प्लांटेड टँक : पीएच स्थिर ठेवायचा तर कामं कुठल्या क्रमाने करायची

प्लांटेड टँक म्हणजे माशांसोबत खरी झाडं वाढवलेली काचेची टाकी, आणि पीएच म्हणजे तिच्यातलं पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा. टेस्ट किटची नळी पिवळी दिसली (पीएच कमी, पाणी आम्ल) की टँकमध्ये चमचाभर सोडा, निळी दिसली (पीएच जास्त) की ‘पीएच डाउन’ची बाटली. बऱ्याच घरांत पीएचचा कारभार असाच चालतो. दोन दिवसांत आकडा मूळ जागी येतो, मग पुन्हा काहीतरी ओतलं जातं. टेट्रा असोत की एंजल, दुकानातले बहुतेक मासे ६.५ मध्येही जगतात आणि ७.४ मध्येही. त्यांना सोसत नाही ती अशा ओतण्याने होणारी रोजची वरखाली.

पीएचला जागेवर धरून ठेवतो तो केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. तो पुरेसा असेल तर पीएच सहसा हलत नाही. तो संपला की एका रात्रीतही कोसळतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या केएचभोवती फिरतात. दुसरा नियम असा की दुरुस्ती नेहमी बादलीत करायची. केएच-पीएचसाठी टँकमध्ये थेट काहीही ओतायचं नाही.

## १. आधी हाताशी काय हवं

- थेंबांचं केएच किट. पैसे एकाच किटपुरते असतील तर पीएचआधी हे घ्या.
- थेंबांचं पीएच किट.
- टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं. स्वस्त चालेल.
- अमोनिया किट. रोज लागत नाही, पण लागतं तेव्हा दुकान बंद असतं.
- झाकणाच्या दोन बादल्या, फक्त टँकसाठी. साबणाचा हात लागलेली बादली नको.
- एक जादा एअर पंप आणि एअरस्टोन.
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आणि १० मिलीची सिरिंज.
- वही.

कागदी टेस्ट स्ट्रिप कोकणात घेऊच नका. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की डबी दोनचारदा उघडली की पट्ट्यांचे रंग भरवशाचे राहत नाहीत. डिजिटल पीएच पेन वापरत असाल तर ते ठरावीक पीएचच्या बफर द्रावणात जुळवून घ्या आणि टोक स्टोरेज द्रावणात ओलं ठेवा. कोरडं ठेवलेलं किंवा आरओच्या (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात बुडवून ठेवलेलं पेन हळूहळू चुकीचे आकडे दाखवायला लागतं.

सावधान : नेहमीच्या स्वस्त पीएच किटची पट्टी ६.० ते ७.६ इतकीच असते. पिवळा रंग म्हणजे ‘६.० किंवा त्याखाली कितीही’. पीएच ५ ला घसरला तरी नळी तेवढीच पिवळी दिसते. पिवळं दिसलं की केएच मोजल्याशिवाय पुढे काही करू नका.

## २. आपलं पाणी ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शेजारच्या वाडीतल्या माणसाचं पाणी आणि तुमचं पाणी एक नसतं.

जांभ्या कातळातल्या विहिरीचं पाणी साधारणपणे मऊ, किंचित आम्ल आणि केएचला अगदी कमी. पुळणीलगतच्या विहिरीत वाळूतल्या शंखशिंपल्यांचा चुना उतरतो, तिथे केएच चांगला चढलेला असू शकतो. खाडीकाठच्या बोअरला उन्हाळ्यात मचूळपणा येतो. टीडीएस वाढतो, पण ते मीठ असतं, त्याने केएच वाढला असं समजू नका. नळपाणी योजनेचं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या धरणाचं, त्यावर ठरतं. टँकरचं पाणी असेल तर प्रत्येक टँकर नवा.

मोजायची पद्धत अशी :

विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी काढा आणि लगेच पीएच मोजा. मग त्याच बादलीत एअरस्टोन सोडून ती रात्रभर पडवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो उडाला की पीएच वर चढतो. काढताक्षणी ६.२ दाखवणारं पाणी सकाळी ७ च्या आसपास आलं तर घाबरायचं कारण नाही. खरा आकडा हा दुसरा. पहिला आकडा पाहून सोडा घालणारे नसलेला रोग बरा करत बसतात.

केएच मात्र हवा दिल्याने बदलत नाही. ५ मिली पाणी घ्या, नळीच्या मागे पांढरा कागद धरा, एक थेंब टाका, हलवा, बघा. निळ्याचा पिवळा होईपर्यंत किती थेंब लागले तितके अंश केएच. जांभ्यावरच्या पाण्यात अनेकदा पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं होतं, म्हणजे केएच १ किंवा त्याखाली. अशा वेळी १० मिली पाणी घेऊन मोजा. मग प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि अर्धा आणि १ यातला फरक कळतो.

ग्रामपंचायतीकडे विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल असेल तर त्यातला ‘एकूण क्षारता’ हा आकडा घ्या आणि १७.९ ने भागा. उत्तर म्हणजे केएचचे अंश. क्षारता ३६ म्हणजे केएच साधारण २. अहवालावरचा ‘पिण्यायोग्य’ हा शेरा आपल्या कामाचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात पीएच ६.५ ते ८.५ सांगितला आहे आणि क्षारतेला लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह वरची मर्यादा आहे, खालची नाही. क्षारता १० असलेलं पाणी माणसाला बिनतक्रार चालतं, टँकमध्ये मात्र ते चारआठ दिवसांत डगमगायला लागतं.

तपासा : वहीत तारीख, पाण्याचा स्रोत, केएच, टीडीएस आणि रात्रभर हवा दिल्यानंतरचा पीएच लिहिला का? हे पाच रकाने भरल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## ३. टँकमधल्या वस्तू तपासा

पाणी बरोबर असूनही पीएच सरकत असेल तर टँकमधलंच काहीतरी त्याला ढकलत असतं.

वर ढकलणाऱ्या वस्तू : संगमरवरी खडी, प्रवाळाचे तुकडे, किनाऱ्यावरून आणलेली वाळू, शंख. दगडावर थोडं पांढरं व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर त्यात चुना आहे. जांभा आणि काळा दगड सहसा फसफसत नाहीत. जांभा लाल पाणी सोडतो, ते स्वच्छ होईपर्यंत भिजत घाला आणि वापरा.

खाली ढकलणाऱ्या वस्तू : नवं ड्रिफ्टवुड (सजावटीचं लाकूड), बदामाची पानं आणि अ‍ॅक्वा सॉइल (टँकमधल्या झाडांसाठी विकत मिळणारी माती). यातली अ‍ॅक्वा सॉइल सगळ्यांत जोरकस, पाण्यातला केएच अक्षरशः पिऊन टाकते. टँकमध्ये अशी माती असेल तर केएच २ च्या वर नेण्याचा हट्ट सोडा. सोडा घालत राहिलात तर माती ताकद संपेपर्यंत तो शोषत राहील. महागडी माती लवकर निकामी होईल, एवढंच हाती लागेल. अशा टँकमध्ये पीएच ६ ते ६.५ ला राहतो आणि टेट्रा, रासबोरा तिथे मजेत असतात.

पाणी सिमेंटच्या नव्या टाकीतून येत असेल तर टाकी आधी तपासा. ताजं सिमेंट चुना सोडतं आणि पीएच ९ च्या पलीकडे नेतं. भरून, काही दिवस ठेवून, ओतून देणं हे अनेकदा करावं लागतं.

## ४. केएच किती हवा ते एकदाच ठरवा

टेट्रा, रासबोरा, एंजल, फायटर आणि साधी झाडं : ३ ते ४. गप्पी, मॉली, प्लॅटी : ५ ते ८. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर जोडलेला टँक : ३ ते ५. अ‍ॅक्वा सॉइलचा : जे राहील ते, साधारण ० ते २.

निऑन टेट्रा आणि मॉली एकाच टँकमध्ये ठेवायचा हट्ट असेल तर ४-५ वर तडजोड होते, पण मॉली त्यात खुलत नाही. माझ्या मते त्यातला एक मासा निवडावा.

ठरवलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. यापुढे त्याला धरूनच पाणी तयार होईल, पीएचच्या आकड्याला धरून नाही.

## ५. बादलीत पाणी तयार करा

### केएच कमी असेल तर

३० ग्रॅम खाण्याचा सोडा मोजून घ्या, त्यात पाणी घालून एकूण एक लिटर द्रावण करा, बाटली घट्ट बंद करा. या द्रावणाचा १ मिली, १ लिटर पाण्याचा केएच १ अंशाने वाढवतो. विहिरीचा केएच १ आहे, हवा आहे ३, बादली १५ लिटरची. १५ गुणिले २, म्हणजे ३० मिली. सिरिंज तीनदा भरायची. झाडांना पोटॅशियम मिळावं असं वाटत असेल तर सोड्याऐवजी ३६ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या, बाकी हिशेब तोच.

सावधान : बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. धुण्याचा सोडाही नको, तो पीएच एकदम वर नेतो. चमच्याने अंदाजे घालू नका. सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यात दुपटीचा फरक पडू शकतो.

सोड्याने केएच वाढतो, पण कॅल्शियम मिळत नाही. जांभ्याच्या मऊ पाण्यात झाडांची नवी पानं वाकडीतिकडी येतात त्यामागे अनेकदा हे असतं. त्यावर कोकणात फुकटचा उपाय आहे : जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपा. उकळा, आतला मांसाचा कण अन् कण काढा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा, जाड कुटून जाळीच्या पिशवीत घाला आणि पिशवी फिल्टरमध्ये ठेवा. पाणी जितकं आम्ल तितक्या शिंपा जास्त विरघळतात, पीएच वर गेला की विरघळणं मंदावतं. दोन फुटी टँकला अर्धी मूठ घालून सुरुवात करा आणि दोन आठवडे केएच बघा. समुद्रफेसही असाच वापरतात, पण किनाऱ्यावरून उचललेला असेल तर आधी गोड्या पाण्यात चांगला भिजवून मीठ काढा. अ‍ॅक्वा सॉइलच्या टँकमध्ये शिंपा घालू नका. एक वर ओढणार, दुसरा खाली, आणि दोन्ही वाया जाणार.

### केएच जास्त असेल तर

आरओचं पाणी मिसळा. केएच ८ च्या पाण्यात तितकंच आरओ घातलं की केएच ४ च्या आसपास येतो. घरच्या आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र नको, नको असलेले सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ यांपैकी काहीही बादलीतसुद्धा घालू नका. या आम्लांना जिवाणू खाऊन टाकतात, पाणी दुधाळ होतं आणि पीएच परत वर येतो. ‘पीएच डाउन’ बाटल्यांचंही फारसं वेगळं नाही. केएच शिल्लक असेपर्यंत पीएच उसळी मारून परत येतो, आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये फॉस्फेट असतं, त्यावर शेवाळ पोसतं. बदामाची पानं ही गोष्ट निराळी. कोकणात हे झाड गल्लोगल्ली आहे आणि त्याची सुकलेली पानं माशांना चांगली. पण केएच ६ असलेल्या पाण्यात चार पानं टाकून पीएच उतरायची वाट बघत बसाल तर फक्त पाणी चहाच्या रंगाचं होईल.

### बादलीचा क्रम

आदल्या संध्याकाळी पाणी भरा. क्लोरीनची शंका असेल तर हायपो किंवा वॉटर कंडिशनर बाटलीवरच्या प्रमाणात घाला. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकते त्या आठवड्यात हे विसरू नका. मग सोड्याचं द्रावण, मग एअरस्टोन, वर झाकण. सकाळी केएच मोजा, तापमान टँकच्या जवळ आलंय का बघा, मगच पाणी बदलायला घ्या.

तपासा : बादलीचा केएच ठरवलेल्या आकड्यापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे? पाणी आत घालू नका, बादलीतच सुधारा.

## ६. टँक नव्या पातळीवर आणा, पण सावकाश

टँकचा केएच १ आणि ठरवलेला ४ असेल तर एका दुपारी उडी मारायची नाही. दिवसाला १ अंशाहून जास्त नाही. दर दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस टक्के पाणी तयार बादलीने बदलत राहा. बादलीचा केएच टँकपेक्षा तीनेक अंशांनी जास्त असला तरी थोड्या पाण्यामुळे टँकमधला फरक अर्ध्या अंशाच्या आसपासच पडतो. जवळ पोचलात की आठवड्याला पाव टँक, नेहमीप्रमाणे.

आता मोजमापाची शिस्त. दिवे चालू असताना झाडं कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून पीएच संध्याकाळी सर्वांत वर आणि पहाटे सर्वांत खाली असतो. सोमवारी सकाळी आणि गुरुवारी रात्री मोजून ‘पीएच चढला’ म्हणणाऱ्याने फक्त घड्याळ मोजलेलं असतं. एक वेळ ठरवा. दिवे लागायच्या आधीची उत्तम.

केएच आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या आधी मोजा. तो थोडा घटणारच, कारण माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू क्षारता खर्च करतात. ढोबळ हिशेबाने नायट्रेट लिटरमागे ११ मिलिग्रॅमने वाढलं की केएच १ अंशाने कमी होतो. आठवड्यात एक अंशाहून जास्त घट दिसत असेल तर आधी खाणं कमी करा, मग माशांची संख्या बघा, मग गाळ. सोडा वाढवणं हा शेवटचा उपाय. उलट केएच चढत असेल तर पायरी ३ ला परत जा आणि दगडांवर व्हिनेगर टाका.

## ७. सीओटू असेल तर

गॅसमुळे पडणारा पीएच आणि केएच संपल्यामुळे पडणारा पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅसने दिवसात पीएच एक अंकाने खाली गेला आणि रात्री परत वर आला तरी पाण्यातले क्षार तेवढेच राहतात, त्यामुळे मासे ते सहज सोसतात. तो आकडा सोड्याने ‘दुरुस्त’ करायचा नाही.

टँकचं ग्लासभर पाणी रात्रभर उघड्यावर हवा देऊन ठेवा आणि पीएच मोजा. गॅस पूर्ण सुरू असताना टँकचा पीएच यापेक्षा साधारण १ ने कमी असला की पुरे. केएच ४ असताना पीएच ६.६ म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम सीओटू. ड्रॉप चेकर (सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणारी छोटी कुपी) वापरत असाल तर त्यात केएच ४ चं तयार द्रावण घाला, टँकचं पाणी नको. हिरवा रंग हवा. पिवळा म्हणजे गॅस जास्त.

गॅस दिव्यांच्या एक-दोन तास आधी सुरू आणि दिवे मालवायच्या तासभर आधी बंद. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर जातं, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा १ ऐवजी ०.७-०.८ च्या घसरणीवर समाधान माना. घरच्या घरी सीओटू बनवणाऱ्या साखर-यीस्टच्या बाटलीला बंद करायचं बटण नसतं. ती रात्रीही गॅस सोडते, आणि वीज गेली, एअर पंप थांबला, तरी सोडतच राहते. पावसाळ्यात ज्यांची वीज वरचेवर जाते त्यांनी ती लावू नये.

## ८. मिरग आणि मे

इतर ठिकाणी जे वर्षाला एकदा तपासून भागतं, ते इथे निदान तीनदा तपासावं लागतं.

पाऊस लागल्यावर विहीर आठवड्याभरात वर येते आणि पाणी पातळ होतं. मेमध्ये केएच ३ असलेली विहीर जुलैत १ वर दिसली तर नवल नाही. सवयीने तेवढंच द्रावण घालत राहिलात तर टँक गुपचूप खाली सरकतो. म्हणून दर बादलीला टीडीएस पेन बुडवा. मागच्या वेळेपेक्षा पाव हिश्श्याने फरक दिसला की केएच नव्याने मोजा.

पाणी गढूळ आलं की घरात तुरटी फिरवतात. टँकच्या बादलीत ती कधीच नको. तुरटी क्षारता खाते, ढोबळमानाने १० मिलिग्रॅम तुरटीमागे ५ मिलिग्रॅम. पावसाळ्यातल्या मऊ पाण्यात आधीच इतकी कमी क्षारता असते की पीएच तिथेच ढासळतो, आणि त्या आम्ल पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक. गढूळ पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं काढून दाट कापडातून किंवा फिल्टरच्या लोकरीतून गाळा.

पागोळ्यांचं पाणी वापरायचं असेल तर पहिले काही पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या. त्याचा केएच जवळपास शून्य असतो, त्यामुळे एकट्याने कधीच नको. कडक पाण्यात मिसळायला मात्र ते आरओइतकंच उपयोगी.

वीज चार-पाच तास गेली असेल तर बंद पडलेला कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नका. आत सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. आधी उघडा, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, मग सुरू करा.

मेमध्ये दोन गोष्टी. विहीर तळाला गेल्याने क्षार वाढतात, आणि पंखा लावून टँक थंड ठेवणाऱ्यांचं पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी सोडा घातलेली बादली ओतलीत तर केएच चढत जातो. पातळी भरायला आरओचं किंवा साठवलेलं स्वच्छ पावसाचं पाणी, आणि पाणी बदलायला तयार बादली, असं सरळ वेगळं ठेवा.

## ९. पीएच कोसळलाच तर

लक्षणं : नळी गडद पिवळी, केएच किटच्या पहिल्या थेंबाला रंग बदलतो, मासे खात नाहीत, कोपऱ्यात थांबतात. इथे घाईने अर्धा टँक बदलणं किंवा सोडा ओतणं माशांच्या जिवावर बेततं. पीएच ६ च्या खाली गेला की नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो, पण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच झटक्यात ७.५-८ वर नेलात की त्यातला काही भाग विषारी अमोनिया होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

क्रम असा :

१. खाणं बंद. एअर पंप पूर्ण जोरात.

२. अमोनिया मोजा. किटवर हिरवट छटा आली तर अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर आधी घाला, मगच पाण्याला हात लावा.

३. केएच फक्त २ असलेली बादली तयार करा. ठरवलेला आकडा ४ असला तरी आज २ च.

४. दहा टक्के पाणी सकाळी, दहा टक्के संध्याकाळी. बारीक नळीने सावकाश.

५. पाणी काढताना झाडांच्या मुळाशी साठलेली घाण आणि कुजकी पानं ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज टँकच्या पाण्यात हलकेच पिळा. नळाखाली धुतलात तर उरलेसुरले जिवाणूही जातील.

६. केएच सलग दोन दिवस १ च्या वर टिकला की बादली ३ ची करा, मग ठरवलेल्या आकड्याची.

७. अमोनिया शून्य दिसल्यावर खाणं सुरू, नेहमीच्या निम्मं, आणि पुढचे दोन आठवडे केएच दर तिसऱ्या दिवशी वहीत.